खूण

गेर परवा झाली. नळाच्या तोटीला अजून हिरवा रंग,
आणि माझ्या वाफ्यात उरलं ते एवढंच:
एकमेकांत पाय अडकवून बसलेली गाजरं, सात.
लिंबाएवढी बीटं, तीन.
पोपटाने अर्धा वाचून ठेवून दिलेला पेरू.
आणि दुधी. दुधी किती, ते विचारू नका.

सुदामानगरात माझ्या दुधीला आता कोणी दार उघडत नाही.
दिघ्यांच्या मालूने तर जाळीतूनच सांगितलं,
"आहे हो आमच्याकडे, परवाचा, तुम्हीच दिलेला."

साडेसातला गाडी येते, गाणं वाजवत.
बादली उचलली, जिना उतरले,
गाडी समोर थांबली आणि हात काही पुढे होईना.
"आंटी, डालो ना," पोरगा म्हणाला.
म्हटलं, अरे, हे ओलं आहे, कचरा नाही.
त्याला मराठी येत नव्हतं. गाडी वळली,
गाणं मात्र कोपऱ्यावर बराच वेळ उभं होतं.

मग किसणी.
गाजराने बोट घेतलं, बीटाने पदर.
मैदा, थोडा रवा, साजूक तूप, पिठीसाखर अर्धीच
(ह्यांची शुगर दोनशे दहा),
उरलेली अर्धी पेरूवर सोपवली.
मळायला घेतलं तर गोळा कसला, चिखल.

तसाच डबा घेऊन जुन्या इंदूरला, मुन्ने उस्तादच्या भट्टीवर,
जिथे लोक आपापलं पीठ आणतात
आणि बाकावर बसून आपापल्या पत्र्याची वाट बघतात.
उस्तादने बोट बुडवलं, नाकाशी नेलं.
"बाईजी, सब्ज़ी में पानी है.
पहले इसको रुलाओ, फिर मैदा मिलाओ."

चाळीस वर्षं रांधलं,
हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुधी रडवला.
मीठ लावून, पंचात बांधून, वर वरवंटा.
वाटीभर पाणी निघालं, ते कढीलिंबाला घातलं.
तो घरचाच, नाही म्हणाला नाही.

भट्टीत पत्र्याला खूण लागते.
कोणी चार आण्याचं जुनं नाणं ठेवतं,
कोणी कोपऱ्यातल्या बिस्किटावर अंगठा.
मी गाजराचा हिरवा तुरा खोचला. शहाणपणा!
आग ती. तुरा गेला.

घरी येऊन झाकण काढलं तर
पांढऱ्याशुभ्र नानकटाया, वेलदोड्याचा वास,
प्रत्येकीच्या कपाळावर पिस्त्याचं काप.
कोणाच्या तरी साखरपुड्याच्या असणार.
मी बोलायच्या आत ह्यांनी दोन संपवल्या.
"छान झाल्यात की. दुधी अजिबात लागत नाही."

रात्री डोळ्याला डोळा नाही.
दिसत होतं ते दुसरं घर.
पाहुण्यांपुढे बशी, बशीत माझी बिस्किटं,
आत जाताना गुलालासारखी होती,
बाहेर येताना पुन्हा मातीच्या रंगाची,
मधूनच एखादं हिरवं तूस.
कोणीतरी उचलतं. थांबतं. चावतं.
आमच्या गल्लीला नको झालेला माझा दुधी
अनोळखी दातांच्या पलीकडे जातो.

चार दिवसांनी उरलेल्या चौदा नानकटाया घेऊन गेले.
उस्तादच्या फळीवर माझा पत्र्याचा डबा,
घासलेला, रिकामा,
आत वहीच्या पानाचा तुकडा, अक्षर उतरतं:
"ये किस चीज़ के थे? बच्चे पूछ रहे हैं."

मागच्या बाजूला लिहायला पेन काढलं.
काय लिहिणार? उरलेल्याचे?
पर्समध्ये जून दुधीच्या बिया होत्या, खिडकीत वाळवलेल्या,
मालूला द्यायच्या म्हणून घेतल्या आणि दिल्या नव्हत्या.
त्यातल्या आठ चिठ्ठीतच बांधल्या.

उस्तादने पुडी कानाशी हलवून पाहिली.
"ये कौन सा मेवा है, बाईजी?"